ड्रेन्तेची बोली म्हणजे बिघडलेली डच नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत नेदरलँडच्या सहलीवर पानभर लेख आला होता. धुळ्याहून माझ्या मावसभावाने त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, खाली लिहिलं होतं "ताई तुझ्या देशाबद्दल आलंय बघ". लेख चांगला होता, ट्युलिप, पवनचक्क्या, अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे, समुद्राच्या खाली असलेली जमीन, सगळं होतं. पण शेवटी ईशान्येकडच्या भागाबद्दल दोनच ओळी होत्या आणि त्यांचा अर्थ असा की तिकडे शेती आणि गायी सोडल्या तर बघण्यासारखं काही नाही, आणि तिकडची खेडूत माणसं अशी बिघडलेली डच बोलतात की ती अ‍ॅमस्टरडॅमच्या माणसालाही कळत नाही. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे 11 वर्षांपूर्वी त्याच भागात आले, ड्रेन्ते प्रांतात, बोर्गर गावाच्या जवळ आमचं घर आहे, मुली इथेच शाळेत जातात. त्या दोन ओळी वाचून मला खरंच वाईट वाटलं, आणि दोन दिवस डोक्यातून जाईनात म्हणून हे पत्र लिहितेय. पत्र लांबणार आहे, जमेल तेवढं छापा.

आधी जमिनीचं सांगते, कारण बोलीचं सगळं मूळ इथल्या जमिनीतच आहे. सगळं नेदरलँड समुद्राखाली नाही. ड्रेन्ते हे वाळूचं पठार आहे, आपल्या सह्याद्रीच्या मानाने पठार म्हणायला काहीच नाही पण इथे पाचदहा मीटरच्या चढालाही किंमत असते. साधारण दीड लाख वर्षांपूर्वी हिमयुगात स्कँडिनेव्हियाकडून बर्फाचे प्रचंड थर सरकत आले, त्यांनी बरोबर माती, गोटे आणि घराएवढाल्या शिळा आणल्या आणि बर्फ वितळल्यावर ते सगळं इथेच राहिलं. त्यातूनच एक लांब उंचवटा तयार झाला, एमेन गावापासून वर ग्रोनिंगेन शहरापर्यंत जवळपास 70 किलोमीटर, त्याला होंड्सरुख म्हणतात, म्हणजे कुत्र्याची पाठ. माझं घर ह्या पाठीवरच आहे. बागेत खड्डा खणायला घेतला की फावडं दगडावर आपटतं, आणि तो दगड स्वीडन किंवा फिनलंडकडचा असतो. हा भाग आता युनेस्कोचं जिओपार्क आहे.

पठाराच्या कडेने मात्र दलदल होती. शेवाळ साचून साचून झालेली, मैलोन् मैल पसरलेली, माणूस पाय टाकेल तर आत जाईल अशी. म्हणजे ड्रेन्ते हे वाळूचं एक बेट होतं आणि समुद्राच्या ऐवजी भोवती चिखल होता. आत यायला मोजक्याच वाटा, त्यातली दक्षिणेकडची मोठी वाट कूवोर्डेन गावातून, म्हणून तिथे किल्ला झाला आणि ते ड्रेन्तेचं सगळ्यात जुनं शहर. (कॅनडातलं व्हँकुव्हर ज्या कॅप्टनच्या नावावरून आहे त्याच्या घराण्याचं आडनाव ह्याच गावावरून आलेलं, "फान कूवोर्डेन" म्हणजे कूवोर्डेनचे, जसे आपल्याकडे नाशिककर.) आजही इथे गर्दी नाही. अंदाजे 2,680 चौरस किलोमीटरमध्ये पाच लाखांच्या आसपास माणसं, आमच्या धुळ्याशेजारच्या जळगाव जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत 42 लाखांवर माणसं होती. जिल्हा चौपट मोठा आहे हे धरूनही इथला मोकळेपणा तुमच्या लक्षात येईल.

आता बघण्यासारखं काही नाही ह्याबद्दल. माझ्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर जवळपास 5,000 वर्षांपूर्वीचं दगडी बांधकाम उभं आहे. त्याला ह्युनेबेड म्हणतात. उभ्या शिळांच्या दोन रांगा, त्यावर आडव्या टाकलेल्या प्रचंड शिळा, आत मेलेल्या माणसांना मातीच्या भांड्यांसकट ठेवायचे, वरून मातीचा ढीग असायचा तो काळाच्या ओघात गेला आणि सांगाडा राहिला. पूर्ण देशात अशी 54 उरली आहेत, त्यातली 52 एकट्या ड्रेन्तेत. बोर्गरचं सगळ्यात मोठं, 22 मीटरच्या वर लांब. बांधणारे लोक ह्या भागातले पहिले शेतकरी, त्यांच्याकडे लोखंडसुद्धा नव्हतं, आणि शिळा प्रत्येकी कित्येक टनांची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाऊस पडत होता, मुलगी तीन वर्षांची होती, ती वाकून दोन दगडांच्या मधून आत शिरली आणि आतून म्हणाली "आई इथे कोरडंय". मी हात आत घातला तर खरंच वरच्या शिळेखालची वाळू कोरडी होती. पाच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ती शिळा वर चढवली आणि ती अजून पाऊस अडवतेय, ह्याच्या पुढे मला त्या दिवशी काही बोलता आलं नाही.

पूर्वी लोकांना वाटायचं हे राक्षसांनी बांधलं. 1660 मध्ये योहान पिकार्ट नावाच्या धर्मगुरूने तसं पुस्तकातच लिहून ठेवलं. मग 1685 मध्ये टिटिया ब्रोंगर्स्मा नावाची एक कवयित्री बोर्गरला आली आणि तिने त्या मोठ्या ह्युनेबेडमध्ये खोदून बघितलं, भांडी सापडली, हाडं सापडली. एका बाईने, त्या काळात! आणि त्यानंतरची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. 1730 च्या सुमाराला समुद्रकाठच्या बंधाऱ्यांच्या लाकडाला कीड लागली, जहाजं पोखरणारा जो किडा असतो तो, बंधारे कोसळायची वेळ आली, मग लाकडाऐवजी दगड लावायचं ठरलं, आणि ह्या देशात दगड आहेत कुठे तर ड्रेन्तेत. दगडाला भाव आला, लोक उकरून विकायला लागले, ह्युनेबेडच्या शिळाही फोडायला लागले. तेव्हा 1734 मध्ये ड्रेन्तेच्या कारभाऱ्यांनी हुकूम काढला की ह्युनेबेडच्या दगडाला हात लावायचा नाही. जुन्या वास्तू वाचवण्यासाठी काढलेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या कायद्यांमध्ये त्याची गणना होते. गरीब प्रांत होता हो, दगड विकून चार पैसे मिळत होते, तरी थांबवलं.

गरीब म्हणजे किती गरीब, तर डच प्रजासत्ताकाच्या सुवर्णकाळात, जेव्हा हॉलंडची जहाजं आपल्या वेंगुर्ल्यापर्यंत येऊन वखारी घालत होती, तेव्हा ड्रेन्तेला राष्ट्रीय सभेत मतच नव्हतं. बाकीच्या सात प्रांतांना होतं. ड्रेन्ते नुसतं "लँडस्काप", म्हणजे प्रांताचा दर्जा नसलेला मुलूख, कर तेवढा भरायचा. पण ह्या लोकांना कमी समजण्याची चूक त्याआधीही एकाने केली होती. उट्रेख्टचा बिशप हा इथला धनी होता, तो 1227 मध्ये चिलखती घोडेस्वार घेऊन चालून आला, बंड करणाऱ्या ड्रेन्तेकरांना धडा शिकवायला. कूवोर्डेनच्या रूडोल्फच्या मागे जमलेले हे शेतकरी, त्यांना दलदलीतली पायवाट न् पायवाट माहीत. आने गावाजवळ स्वार चिखलात रुतले, जड चिलखतांसकट, आणि खुद्द बिशप ओटो तिथे मारला गेला. तीन वर्षांनी रूडोल्फला तहाच्या बोलणीला बोलावून हाल करून मारलं. आपल्याकडच्या वाचकाला गनिमी काव्याची ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

गावं कशी होती तेही सांगते. मध्ये मोकळी जागा, ओकची मोठी झाडं, त्याला ब्रिंक म्हणतात, संध्याकाळी तिथे गावची जनावरं गोळा व्हायची. भोवती विखुरलेली घरं, माणसं आणि गुरं एकाच मोठ्या छपराखाली. गावाबाहेर थोडं उंचावर सगळ्यांची शेतं एकत्र, त्याला एस म्हणतात, तिथे राय नावाचं धान्य पिकायचं. त्यापलीकडे नुसतं माळरान, हेदर नावाच्या जांभळ्या फुलांच्या झुडपांचं. वाळूच्या जमिनीत काही टिकत नाही म्हणून लोक माळावरची झुडपं मातीसकट सोलून आणायचे, मेंढ्यांच्या गोठ्यात पसरायचे, लेंड्यांबरोबर कुजली की शेतात टाकायचे. हे शेकडो वर्षं केलं आणि त्याने काही ठिकाणी शेतं जवळपास मीटरभर उंच झाली. मी त्या एसवरून चालते तेव्हा कडेला उतार दिसतो, तो उतार माणसांनी आणि मेंढ्यांनी केलेला आहे. माळ, कुरण, सरपण सगळं गावाच्या सामाईक मालकीचं, त्याच्या मंडळाला मार्के म्हणायचे, शिंग फुंकून बैठक बोलवायचे. शेजाऱ्याची कर्तव्यं तर ठरलेलीच होती. बाळंतपण असो, लग्न असो, मयत असो, कुठल्या घराने काय करायचं ते पिढ्यान् पिढ्या पक्कं. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात शेजारच्या आजी केक घेऊन आल्या आणि म्हणाल्या तुम्ही आता आमचे नॉबर. मला वाटलं नुसता शेजारी असा अर्थ. मग पहिल्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला, नवरा परदेशात होता, तेव्हा आजींनी मुलीला शाळेतून आणलं, सूप आणलं, घरासमोरचा बर्फ काढला, आणि आभार मानायला गेले तर त्यांना ते आवडलंच नाही. नॉबर आहे म्हटल्यावर आभार कसले.

आणि ह्या आजींमुळेच मी बोलीपर्यंत पोचले. मी पुस्तकी डच शिकून आले होते, परीक्षा पास होते, तरी आजी आणि आजोबा एकमेकांशी बोलायला लागले की मला काही कळायचं नाही. मीही आधी लेखकासारखंच धरून चालले होते की ही गावंढळ डच आहे. आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, नाही, हे ड्रेन्त्स आहे, आणि ते डचच्या शेजारी राहतं, डचच्या पोटातून आलेलं नाही. मग मी वाचायला लागले, आणि आजींचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं.

प्रमाण डच ही पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या, म्हणजे हॉलंड, ब्राबांट, फ्लँडर्स ह्या भागांतल्या बोलींवरून घडली, तिचं मूळ फ्रँक लोकांच्या भाषेत. ड्रेन्त्सचं मूळ सॅक्सन लोकांच्या भाषेत. सीमेपलीकडे उत्तर जर्मनीत जी लो जर्मन बोलतात तिची ही सख्खी बहीण. ह्या सगळ्या बोलींना मिळून इथे नेदरसाक्सिश म्हणतात, ग्रोनिंगेन, ओव्हरआयसल, गेल्डरलँडचा पूर्व भाग सगळे त्यात येतात. मध्ययुगात हान्सा व्यापारी संघाची पत्रं, हिशेब, करार ह्याच घराण्यातल्या भाषेत चालायचे, बाल्टिक समुद्राच्या काठाकाठाने. तेव्हा ही व्यापाराची मोठी भाषा होती, तिला बिघडलेली म्हणायची कुणाची छाती नव्हती.

दोन उदाहरणं देते. डचमध्ये "वेळ" ह्याला जो शब्द आहे तो साधारण "तेइत" असा ऐकू येतो. आजी म्हणतात "तीत". डचमध्ये "माझं" म्हणजे "मेइन", आजींच्या तोंडी "मीन". हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या सॅक्सनमध्ये वेळेचा शब्द दीर्घ ईनेच होता, "तीद". म्हणजे आजींनी जुना स्वर जसाच्या तसा ठेवलाय आणि बदल झालाय तो प्रमाण डचमध्ये! घराचंही तसंच. जुना शब्द "हूस", दीर्घ ऊ. ड्रेन्तेच्या बऱ्याच भागात "ह्यूस" म्हणतात, ग्रोनिंगेनच्या बाजूला सरकलात की अजून "हूस"च, आणि प्रमाण डचमध्ये तो फुटून "हाउस" आणि "हौस"च्या मधलं काहीतरी झालंय. कांद्याला डचमध्ये "आउ" सारखा एक चिमुकला शब्द आहे, इथे "सीपेल" म्हणतात, तो लॅटिनवरून आलेला. "नमस्कार" म्हणजे "मोय", सकाळी मोय, दुपारी मोय, रात्री पण मोय. व्याकरणही वेगळं, आम्ही चालतो ह्याला डच म्हणते "वेइ लोपेन", इथे बऱ्याच गावांत "वेइ लोप्त", म्हणजे अनेकवचनाला त लागतो. ही चूक नाही, हा सॅक्सन घराण्याचा नियम आहे, आणि त्या गावांतले सगळे तो न चुकता पाळतात.

आणि ड्रेन्त्स सगळीकडे एकच नाही. उत्तरेचं ग्रोनिंगेनकडे झुकतं, नैऋत्येचं मेपेलकडे गेलात की ओव्हरआयसलसारखं लागतं, मधल्या वाळूच्या गावांचं वेगळं, आणि पूर्वेच्या कडेला तर बोली एकदम बदलते. का बदलते? तर इथे ती दलदल येते. दलदलीत हजारो वर्षांचं शेवाळ साचून झालेला पीट होता, तो कापून वाळवला की सरपण होतं. हॉलंडच्या शहरांतल्या विटांच्या भट्ट्या, दारूच्या भट्ट्या, घराघरातल्या शेगड्या त्याच्यावर चालायच्या. 1625 मध्ये रूलोफ फान एख्टेन नावाच्या जमीनदाराने होगेफेनची दलदल कापायला सुरुवात केली, आधी कालवा खणायचा, पाणी काढायचं, मग पीट कापायचा आणि त्याच कालव्यातून बोटीने पाठवायचा. कामाला माणसं आली ग्रोनिंगेनहून, फ्रीसलँडहून, ओव्हरआयसलहून, जर्मनीहून. ती गोळा झाली त्या कालव्यांच्या काठी सरळ रेषेत लांबच लांब वस्त्या झाल्या, आणि त्यांच्या तोंडी मिश्र बोली तयार झाली. म्हणून आजही वाळूवरच्या जुन्या गोल गावातून निघून सायकलने पंधरा मिनिटं पूर्वेला उतरलात की जमीन काळी होते, रस्ता सरळ होतो, आणि दुकानातल्या माणसाचं बोलणं बदलतं. जमिनीचा रंग आणि भाषेची सीमा एकाच ठिकाणी! मी हे स्वतः कितीतरी वेळा अनुभवलंय आणि दर वेळी अंगावर काटा येतो.

त्या मजुरांचे हाल फार होते. मातीची ढेकळं रचून केलेल्या झोपड्या, त्यांना प्लागेनहुट म्हणत, आत ओल, धूर, दहा दहा माणसं, आणि पगारातून मालकाच्याच दुकानातून सामान घ्यायची सक्ती. व्हिन्सेंट व्हॅन गॉग 1883 च्या शरद ऋतूत तीन महिने इथे होता, होगेफेनला आणि मग नीउ-आमस्टरडॅम नावाच्या कालव्याकाठच्या वस्तीत, त्याने ह्याच झोपड्या, पीटच्या बोटी आणि शेतात वाकलेल्या बायका काढल्या. अ‍ॅमस्टरडॅमच्या म्युझियमवर आपल्या लेखात दोन परिच्छेद आहेत, ह्या वस्तीचं नाव तिथे यायला हवं होतं.

गरिबीवर उपाय म्हणून इथे एक मोठा प्रयोगही झाला. 1818 मध्ये योहानेस फान डेन बोस ह्यांनी फ्रेडरिक्सओर्डला वसाहत काढली, शहरातल्या गरिबांना घर, जमीन, शाळा देऊन शेतकरी करायचं. पुढे फेनहाउझेनला भिकारी, अनाथ, बेवारशी माणसांना कोंडून कामाला लावणाऱ्या मोठ्या इमारती झाल्या. तिथल्या घरांच्या भिंतींवर अजून अक्षरं आहेत, "काम कर आणि प्रार्थना कर", औषधांच्या घरावर "कडू आणि गोड". हेतू चांगला म्हणावा तर माणसाचं स्वातंत्र्य काढून घेतलं, आणि हेच गृहस्थ पुढे जावात गव्हर्नर जनरल म्हणून गेले आणि 1830 पासून तिथल्या शेतकऱ्यांवर सक्तीच्या लागवडीची पद्धत लादली. 2021 मध्ये ह्या वसाहती जागतिक वारसा झाल्या. बघायला जरूर जा पण हे दोन्ही लक्षात ठेवून जा.

वेस्टरबोर्कबद्दल मी थोडक्यातच लिहिते, मला जास्त लिहिवत नाही. जर्मनीतून पळून आलेल्या ज्यूंसाठी 1939 मध्ये इथल्या माळावर छावणी बांधली, 1942 पासून नाझींनी तिथूनच सुमारे 1,07,000 माणसांना पूर्वेकडच्या छावण्यांत पाठवलं, त्यातली 5,000 च्या आसपास परत आली. अ‍ॅन फ्रँक सप्टेंबर 1944 च्या सुरुवातीला इथूनच गेली. मैदानावर 1,02,000 लहान दगड उभे केले आहेत, एका माणसाचा एक.

त्याच जागेच्या शेजारी 25 मीटर व्यासाच्या 14 रेडिओ दुर्बिणी एका रांगेत उभ्या आहेत, 1970 पासून. माणसं कमी, गोंगाट कमी, म्हणून ही जागा निवडली. पुढे एक्स्लो गावाजवळ लोफार नावाची अँटेनांची प्रचंड दुर्बीण झाली. आणि इथे मात्र महाराष्ट्राचा खराखुरा संबंध आहे. आपल्या जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटरच्या 30 डिश. पल्सार ताऱ्यांचे ठोके वर्षानुवर्षं मोजून गुरुत्वीय लहरींचा माग काढण्याचं जे काम 2023 मध्ये जाहीर झालं त्यात युरोपच्या गटाबरोबर, ज्यात वेस्टरबोर्कच्या दुर्बिणी आहेत, भारतीय गटाची जीएमआरटीची निरीक्षणं एकत्र केली होती. खोडद आणि वेस्टरबोर्क एकाच ताऱ्याचे ठोके मोजत होते. असा लेख कुणीतरी आपल्या पेपरात लिहावा अशी माझी फार इच्छा आहे.

आता मूळ मुद्द्यावर परत येते. आजी सांगतात की त्यांच्या मुलांच्या वेळी, म्हणजे 1960 च्या पुढे, शाळेतून निरोप यायचे, घरी डच बोला नाहीतर मूल मागे पडेल. त्यांनी ऐकलं. नवऱ्याशी, जावेशी, गाईशीसुद्धा ड्रेन्त्स, आणि मुलांशी परकी डच. मुलांना समजतं पण बोलता येत नाही, नातवंडांना समजतही नाही. हे सांगताना त्या 31 डिसेंबरला कनीपेर्ती करत होत्या. हा इथला नवीन वर्षाचा पदार्थ, मैदा, लोणी, साखर आणि अंडी एकत्र करून केलेलं पीठ, लांब दांड्याच्या दोन तव्यांच्या चिमट्यात दाबून भाजायचं, पापडासारखं पातळ. नाव "कनीपेन"वरून, म्हणजे चिमटा काढणे, डचमध्ये तोच शब्द "कनेइपेन", पुन्हा तोच ई बघा. 31 तारखेपर्यंत ते सपाटच ठेवायचे, कारण जुनं वर्ष पूर्ण उलगडलेलं असतं, आणि 1 जानेवारीपासून गरम असतानाच गुंडाळायचे, कारण नव्या वर्षात काय आहे ते अजून आत दडलेलं. आजी बोलता बोलता थांबल्या आणि म्हणाल्या, मुलांशी बोलायला हवं होतं गं. चिमट्यातला कनीपेर्ती करपला, वास सुटला, आणि त्यांनी तो तसाच बाजूला ठेवला.

मला त्या क्षणी माझी आई आठवली. आमच्या घरी अहिराणी. आई आजीशी "काय करी ऱ्हायनी" म्हणायची आणि माझ्याकडे वळून लगेच "काय करतेस". शाळेत मी एकदा बाईंना अहिराणीत उत्तर दिलं तर पूर्ण वर्गासमोर त्यांनी ते शुद्ध करून तीनदा म्हणायला लावलं. त्यानंतर मी बाहेर अहिराणी बोलले नाही. आज माझ्या मुलींना मराठी येते, डच येते, अहिराणी येत नाही. तेव्हा "बिघडलेली" हा शब्द छापून आला की तो कुठे जाऊन लागतो ते मला माहीत आहे. तो शब्द वाचून कुणीतरी आई आपल्या मुलाशी बोलायची थांबते.

इथे उशिरा का होईना लोक जागे झालेत. 1996 मध्ये नेदरलँडने प्रादेशिक भाषांच्या युरोपीय कराराखाली नेदरसाक्सिशला मान्यता दिली, फ्रीसलँडच्या फ्रिजियन भाषेला आहे तेवढं संरक्षण नाही पण मान्यता आहे, आणि 2018 मध्ये सरकार आणि त्या त्या प्रांतांनी मिळून ती जपण्याचा करार केला. 1990 च्या दशकात कॉक्स ह्यांचा ड्रेन्त्स बोलींचा जाडजूड शब्दकोश आला, त्यात कुठला शब्द कुठल्या भागात बोलतात तेही दिलंय. बेइलेन गावात "ह्यूस फान दे तॉल" म्हणजे भाषेचं घर आहे, नावातच डच "ताल" न म्हणता ड्रेन्त्स "तॉल" म्हटलंय, ते पुस्तकं काढतात, शाळांमध्ये जातात, मार्च महिना बोलीचा महिना म्हणून साजरा करतात. डानियेल लोहुइस सारखा गायक ड्रेन्त्समध्ये गातो आणि पूर्ण देशात ऐकला जातो. माझी धाकटी मार्चमध्ये शाळेतून ड्रेन्त्स गोष्ट शिकून आली, आजींसमोर वाचून दाखवली, आजींनी दोन उच्चार सुधारले आणि मग स्वतःच्या नातवाला फोन लावून त्याला ती ऐकवायला लावली. तो पलीकडून हसत होता, पण शेवटी "मोय ओमा", म्हणजे नमस्कार आजी, म्हणाला.

माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या अंकात एक छोटी दुरुस्ती छापा, ड्रेन्तेमध्ये बोलतात ती बिघडलेली डच नाही, ती नेदरसाक्सिश भाषेची बोली आहे आणि तिला मान्यता आहे. आणि लेखकांना सांगा की परत आले तर स्खिपोल विमानतळाहून झ्वोलेमार्गे आसेनची ट्रेन धरावी, दोन तासांच्या आसपास लागतात, आसेनला म्युझियममध्ये पेसे गावाजवळ रस्त्याच्या कामात सापडलेली होडी आहे, दहा हजार वर्षांच्या आसपासची, जगातली माहीत असलेली सगळ्यात जुनी, ती आधी बघावी आणि मग बसने बोर्गरला यावं. ह्युनेबेड मी दाखवीन. आजींना आधीच सांगून ठेवलंय, त्या म्हणाल्या येऊ देत, पण डिसेंबरच्या शेवटी आले तर बरं.

कळावे,
आपली एक वाचक
बोर्गरजवळ, ड्रेन्ते प्रांत, नेदरलँड (मूळ गाव धुळे जिल्हा)